न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे

नागपुरास एखाद्या जुन्या वकिलाच्या कचेरींत गेलें म्हणजे भिंतीशीं लावलेल्या कपाटांत एकाच रंगाच्या व एकाच जाडीच्या पुस्तकांच्या रांगा दृष्टीस पडतात. खेड्यांतून कांहीं कामानिमित्त आलेले आमचे बंधु त्यांकडे भीतभीत पाहतात, आणि सरकारनें केलेले सगळे कायदे त्यांत असावेत अशी त्यांची समजूत होते. वास्तविक त्यांपैकीं पुष्कळ पुस्तकांत कायदे नसून भांडणें आहेत. कोणीं कोणाविरुद्ध कोणत्या शेताविषयीं फिर्याद केली, खालच्या कोर्टानें काय ठरविलें, हायकोर्टांत दोन्ही बाजूंचे वकील काय बोलले, आणि शेवटीं न्यायाधीशांनीं कोणत्या कारणावरून कोणता निवाडा दिला, ही हकीकत त्यांत ओळीनें दिलेली असते. ती टिपून, नीट लावून छापविण्याचें काम ज्याच्याकडे असतें त्यास कोर्टाचा रिपोर्टर म्हणतात. वर्तमानपत्राचा बातमीदार तो निराळा, हा निराळा.

हें काम करणाऱ्या मनुष्याचें नांव सहसा कोणास ठाऊक नसतें. परंतु मुंबई हायकोर्टांत एके काळीं असिस्टंट रिपोर्टर म्हणून ज्यांनीं हें काम केलें, त्यांतील एक गृहस्थ पुढें त्याच कोर्टांत न्यायाधीशाच्या आसनावर बसले व त्यांचें नांव महाराष्ट्रांत सर्वतोमुखीं झालें. ते महादेव गोविंद रानडे होत. त्यांच्या राजकारणाविषयीं व ग्रंथांविषयीं इतरांनीं पुष्कळ लिहिलें आहे. आमच्या मंडळ्यांतील उपदेशकांस व वाचकांस त्यांच्या चरित्राचा जो भाग अधिक उपयोगीं वाटेल, त्याकडेच आम्ही विशेष लक्ष देणार आहों. आणि त्यांत ते जेथें पडले तो भागही आम्ही झांकून ठेवणार नाहीं.

महादेवरावांचा जन्म ता. १८ जानेवारी १८४२ रोजीं नाशिक जिल्ह्यांतील निफाड गांवीं झाला. वडील गोविंदराव तेथें मामलेदार कचेरींत कारकून होते. पुढें त्यांस कोल्हापूर संस्थानांत नोकरी मिळाली, त्यामुळें मुलाचें बाळपण कोल्हापुरांत गेलें. अगदीं लहान असतां रात्रीच्या प्रवासांत हें मूल झोंपेंत बैलगाडींतून खालीं पडलें आणि कोणास न कळतां गाडी पुढें निघून गेली. मागून घोड्यावरून येणाऱ्या चुलत्यांची चाहूल लागतांच मुलानें हांक मारली, म्हणून तें सांपडलें. एरवीं हा मुलगा फारच थोडें बोले. इतका कीं, हा पुढें कांहीं कमावील कीं नाहीं अशी घरांत काळजी असे. आईनें बर्फीचे लहानमोठे दोन तुकडे हातीं देऊन एक नोकराच्या मुलास देण्यास सांगितलें, तेव्हां त्यानें मोठा तुकडा त्या मुलास दिला व लहान आपण घेतला, अशी एक गोष्ट सांगतात. थोर पुरुषांच्या बाळपणाच्या अशा गोष्टी मागाहून पुष्कळ जमतात. परंतु ही खरी असावी असें पुढील आयुष्य पाहतां आम्हांस वाटतें.

१८५६ सालीं, वयाच्या चौदाव्या वर्षीं, ते मुंबईस एल्फिन्स्टन विद्यालयांत शिकावयास आले. मुंबई विश्वविद्यालय १८५७ सालीं स्थापन झालें व १८५९ सालीं त्याची पहिली प्रवेशपरीक्षा झाली. तींत उत्तीर्ण झालेल्या एकवीस जणांत रानडे होते. १८६२ सालीं बी. ए. च्या पहिल्या तुकडींत चौघे उत्तीर्ण झाले: रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. पुढें ते एम. ए. झाले, व १८६६ सालीं कायद्याची एलएल. बी. ही पदवी त्यांनीं मिळविली. या वर्षांत त्यांनीं इतकें वाचलें कीं डोळे अधू झाले. कांहीं महिने वाचन बंद ठेवावें लागलें, आणि दृष्टीचें हें दुबळेपण जन्मभर राहिलें. उतारवयांत तर दुसऱ्यानें वाचावें व यांनीं ऐकावें असाच क्रम असे. ज्यानें आपले डोळे पुस्तकांस वाहिले त्यास कानांनीं वाचण्याची पाळी आली. परंतु ऐकलेलें विसरावयाचें नाहीं ही संवय न्यायाच्या कामीं किती उपयोगी पडली असेल, हें सांगावयास नको.

विद्यार्थिदशेंतील आणखी एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे. मराठ्यांचें राज्य व इंग्रजांचें राज्य यांची तुलना करणारा एक निबंध त्यांनीं लिहिला व त्यांत मराठ्यांच्या बाजूनें मत दिलें. मुख्याध्यापक सर अलेक्झांडर ग्रँट यांस तें रुचलें नाहीं, आणि रानड्यांची शिष्यवृत्ति सहा महिने बंद झाली. रानड्यांनीं यावरून त्या गुरूविषयीं मनांत अढी धरली नाहीं. स्वतःचें मतही सोडलें नाहीं. चाळीस वर्षांनीं, १९०० सालीं, मराठी सत्तेच्या उदयावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्या ग्रंथांत मराठी संतांच्या चळवळीची युरोपांतील प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेशीं तुलना केली आहे. आमच्या वाचकांपैकीं ज्यांस इंग्रजी येतें त्यांनीं तें प्रकरण अवश्य वाचावें. तुलना सर्व ठिकाणीं जुळते असें आम्हांस वाटत नाहीं. पण ज्ञानेश्वर, एकनाथ, तुकाराम यांनीं लोकांच्या भाषेंत लिहिल्यानें काय घडलें, हें त्यांनीं ज्या दृष्टीनें पाहिलें ती दृष्टि देशी भाषांत शास्त्र वाचणाऱ्या आम्हांस परकी नाहीं.

पदवी मिळाल्यानंतर पांच वर्षें त्यांस स्थिर असें काम नव्हतें. शिक्षणखात्यांत भाषांतरकार, अक्कलकोट संस्थानांत कारभारी, कोल्हापुरांत न्यायाधीश अशीं कामें थोडथोडे महिने केल्यावर १८६८ पासून ते एल्फिन्स्टन कॉलेजांत इंग्रजी शिकवूं लागले, आणि याच काळांत हायकोर्टांत असिस्टंट रिपोर्टरचें काम त्यांनीं पाहिलें. चरित्रकार या कामाचा उल्लेख अर्ध्या ओळींत करून पुढें जातात. आम्ही मात्र येथें थोडें थांबतों.

मुंबईचें हायकोर्ट १८६२ सालीं स्थापन झालें. त्यापूर्वी कंपनीच्या अदालतींत हिंदु पक्षकारांचें भांडण आलें म्हणजे साहेब न्यायाधीश कोर्टाच्या शास्त्र्यास प्रश्न विचारी आणि शास्त्री ग्रंथ पाहून उत्तर देई. त्यास व्यवस्था म्हणत. हे शास्त्री सरकारी पगारी नोकर असत. १८६४ सालच्या कायद्यानें हीं पदें बंद झालीं. शास्त्र्यांनीं दिलेलीं जुनीं उत्तरें वेस्ट व ब्यूलर या दोन साहेबांनीं निवडून १८६७ सालीं छापिलीं खरीं, पण यापुढें नवीन उत्तर देण्यास शास्त्री राहिला नाहीं. मग न्यायाधीशानें विचारावें कोणास? पूर्वी अशाच भांडणांत दुसऱ्या न्यायाधीशानें काय ठरविलें, तें पाहावें. परंतु तें पाहावयाचें तर तें कोणीं तरी बरोबर लिहून ठेविलेलें असलें पाहिजे. जुन्या सदर अदालतीचे १८०० ते १८२४ या काळांतील निवाडे बॉरडेल नांवाच्या साहेबानें छापविले होते; हायकोर्टाचे १८६२ ते १८७५ पर्यंतचे निवाडे बारा भागांत निघाले; व १८७६ पासून सर्व हिंदुस्थानासाठीं सरकारी माला सुरू झाली, तींत मुंबईचा भाग निराळा असे. रानडे रिपोर्टरच्या मेजाशीं बसले तो काळ या दोन व्यवस्थांच्या सांध्याचा होता. शास्त्री गेला होता आणि त्याच्या जागीं छापील पुस्तक येत होतें.

हें काम कसें चालतें तें एका उदाहरणानें सांगतों. समजा, दोन भाऊ होते. थोरला निपुत्रिक मेला. त्याच्या विधवेनें दत्तक घेतला. धाकटा भाऊ म्हणतो, माझी संमति नव्हती म्हणून दत्तक खोटा. दोन दिवस वकील बोलले. रिपोर्टरनें त्या बोलण्यांतून निवाड्यास ज्याचा संबंध आहे तेवढें घ्यावयाचें. रडणें, ओरडणें, गांवांतील जुनीं वैरें सोडून द्यावयाचीं. मग न्यायाधीशाचा निवाडा जसा दिला तसा उतरावयाचा. शेवटीं सर्वांच्या वर चार ओळींचा सारांश लिहावयाचा कीं, या खटल्यांत अमुक तत्त्व ठरलें. या चार ओळी फार कठीण. एक शब्द अधिक पडला तर दूर जिल्ह्यांतील मुनसफ त्या शब्दावर विसंबून एखाद्या विधवेचें शेत काढून घेईल. एक शब्द कमी पडला तर ज्यास न्याय मिळावयाचा त्यास मिळणार नाहीं. रिपोर्टरचें स्वतःचें मत त्यांत कोठेंही येतां उपयोगी नाहीं, निवाडा त्यास चुकीचा वाटत असला तरीसुद्धां.

(आमच्या मंडळ्यांच्या पंचांचीं टिपणबुकें पाहण्याचा प्रसंग आम्हांस पुष्कळदां येतो. त्यांत अमुक बंधूंच्या झगड्याचा विचार होऊन समेट झाला, एवढेंच बहुधा लिहिलेलें असतें. झगडा कशाचा, समेट कोणत्या अटीवर, कोणीं काय कबूल केलें, याचा पत्ता नसतो. पांच वर्षांनीं तोच झगडा पुन्हां उभा राहतो आणि प्रत्येकाचा समेट निराळा निघतो.)

छापील निवाड्यांचें महत्त्व ख्रिस्ती लोकांस तर विशेषच होतें. धर्मांतरामुळें मनुष्याचा वारसा बुडूं नये असा कायदा १८५० सालीं झाला होता. पण ख्रिस्ती झालेल्या कुटुंबाची मिळकत कोणत्या नियमानें वांटावी हें त्यांत नव्हतें. बल्लारी येथील अब्राहाम नांवाच्या ख्रिस्ती कुटुंबाचा खटला विलायतेंत प्रिव्ही कौन्सिलापर्यंत गेला, आणि १८६३ सालीं असें ठरलें कीं, ख्रिस्ती झालेल्या मनुष्यावर हिंदु कायद्याचें बंधन राहत नाहीं. तो आपण होऊन जुनी रीत पाळीत असेल तर गोष्ट निराळी. दोन वर्षांनीं, १८६५ सालीं, वारशाचा नवीन कायदा आला. पण मधल्या काळांत कित्येक कुटुंबांचा आधार तो एक छापील निवाडा होता.

आतां रानड्यांच्या घराकडे वळूं. मुंबईस १८६७ सालीं प्रार्थनासमाज स्थापन झाला. मूर्तिपूजा सोडून एका ईश्वराची उपासना करावी या मताचे हे लोक होते. रानडे व भांडारकर त्यांत मिळाले. आमच्या लोकांस त्या काळीं वाटे कीं हे गृहस्थ आज ना उद्यां आमच्या दारांत येतील. ते आले नाहींत. त्यांस आपल्या समाजांत राहूनच तो पालटावयाचा होता, व या निश्चयाची किंमतही त्यांस द्यावी लागली. १८६९ सालीं विष्णुशास्त्री पंडित यांच्या खटपटीनें वेणूबाई नांवाच्या ब्राह्मण विधवेचा पांडुरंग विनायक करमरकर यांच्याशीं पुनर्विवाह झाला. शंकराचार्यांनीं या विवाहाच्या पुढाऱ्यांवर बहिष्कार घातला; त्यांत रानडे होते. खेड्यांतील वाचकांस येथें नवल वाटेल, कारण पुष्कळ जातींत पाट लावण्याची चाल पूर्वीपासून आहे व विधवेनें पुन्हां संसार करणें तेथें पाप नव्हतें. हा जाच मुख्यतः वरच्या म्हणविणाऱ्या घरांतला. रानड्यांच्या सुधारणेचा पुष्कळसा भाग अशा घरांपुरता होता, हें विसरतां कामा नये.

१८७१ सालीं अॅडव्होकेटची परीक्षा उतरल्यावर त्यांनीं वकिली न करतां पुण्यास सबजज्जाची जागा पतकरली. तेथें सार्वजनिक सभेचें काम त्यांनीं अंगावर घेतलें व पुण्यांतील सुधारकांचे ते पुढारी झाले. आणि दोन वर्षांतच त्यांच्या आयुष्यांतील ती गोष्ट घडली जी त्यांच्या वैऱ्यांनीं कधीं विसरूं दिली नाहीं.

त्यांची पहिली पत्नी सखूबाई १८७३ च्या आक्टोबरांत क्षयानें वारली. महादेवरावांचें वय तेव्हां एकतीस वर्षांचें. ते आतां विधवेशीं लग्न करणार असें सर्वांस वाटलें; मित्रांस आशेनें व वडिलांस भीतीनें. गोविंदरावांनीं घाई करून कुर्लेकरांच्या घरची मुलगी ठरविली. मुलाचें म्हणणें होतें कीं, मला आतां लग्न कर्तव्य नाहीं. निदान सहा महिने थांबावें. वडिलांनीं ऐकिलें नाहीं. तुम्ही माझें मानणार नसाल तर मी घर सोडून जातों व आपला संबंध संपला, इतक्या निकरावर गोष्ट आली. आणि ज्यानें शंकराचार्यांच्या बहिष्कारास भीक घातली नाहीं तो आपल्या बापापुढें वांकला. डिसेंबरांत लग्न झालें. मुलगी अकरा वर्षांची होती.

लोक हंसले. सुधारकांनीं मान खालीं घातली. विष्णुशास्त्री पंडितांनीं पुढच्याच वर्षीं, १८७४ सालीं, स्वतः एका विधवेशीं विवाह केला; त्यामुळें तर हा भेद अधिकच उघडा पडला. रानड्यांच्या भक्तांनीं या प्रसंगीं पितृभक्तीची पुष्कळ स्तुति केली आहे. आम्हांस ती पटत नाहीं. आमच्या मंडळ्यांत असे कितीतरी बंधु आहेत ज्यांस प्रभूचा स्वीकार करतांना हाच बाप, हेंच घर व हाच दरवाजा सोडावा लागला, व ते रडत बाहेर पडले. त्यांच्यापुढें आम्ही महादेवरावांस उंच बसवूं शकत नाहीं. परंतु खालींही ढकलीत नाहीं, कारण पुढें त्यांनीं जें केलें तेंही त्याच घरांत केलें.

लग्न झाल्यावर लवकरच त्यांनीं त्या मुलीस विचारिलें कीं तुला लिहितां वाचतां येतें काय. तिला कांहींच येत नव्हतें. त्यांनीं पाटी आणिली. कोर्टांतून आल्यावर रोज दोन तास शिकविणें सुरू झालें. घरांतील बायकांचा विरोध असा होता कीं, दिवसा त्या मुलीशीं कोणी धड बोलत नसे; शिकली तर तिचाच छळ होई. रमाबाईंनीं तो छळ सोसला आणि धडाही सोडला नाहीं. मराठी झालें, मग इंग्रजी झालें. रानडे १८८६ सालीं सरकारी कामासाठीं कलकत्त्यास होते, तेव्हां त्यांनीं हजामत करून घेतां घेतां न्हाव्याकडून बंगाली शिकून घेतलें व तें रमाबाईंस शिकविलें, असें त्याच सांगून गेल्या आहेत. न्यायाधीशानें न्हाव्याजवळ शिकण्यास बसावें, यांत त्यांस कांहीं कमीपणा वाटला नाहीं.

पुण्यानंतर नाशिक, धुळें अशा बदल्या झाल्या. १८७९ सालीं वासुदेव बळवंत फडके यांचें बंड झालें, तेव्हां सरकारास पुण्यांतील पुढाऱ्यांचा संशय आला आणि धुळ्यास रानड्यांचें टपाल फोडलें जाऊं लागलें. त्यांनीं तक्रार केली नाहीं. संशय पुढें मावळला व त्याच सरकारानें त्यांच्याकडे असें काम सोंपविलें जें खेड्यांतील वाचकांस आम्ही सर्वांत प्रथम सांगितलें असतें, पण काळाचा क्रम आड आला.

१८७५ सालीं, पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं व मग आसपास, कुणब्यांनीं सावकारांच्या घरांत शिरून कर्जरोखे जाळले. त्यांस धान्य नको होतें, दागिने नको होते, कागद हवे होते. कागद जळला म्हणजे कोर्टांत दावा नाहीं, एवढें त्या निरक्षर लोकांस ठाऊक झालें होतें. कारण कोर्ट कागदावरून चालत असे. पन्नास रुपये घेतलेल्या मनुष्याचा आंगठा दोनशेंच्या रोख्यावर असेल तर हुकूमनामा दोनशेंचा. तो तारखेस हजर राहिला नाहीं तर विचारपूसही नाहीं. या दंग्याची चौकशी होऊन १८७९ सालीं दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. तो पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू होता. न्यायाधीशानें रोख्याच्या मागें जाऊन कर्जाचा आरंभापासूनचा हिशेब पाहावा. खटल्यापूर्वी समेट करणाऱ्याकडे दोघांनीं जावें. रोखे गांवच्या नोंदणी कामगारासमोर लिहावे. असें त्यांत होतें. आणि खालच्या कोर्टांच्या निवाड्यांवर अपील न ठेवतां एक स्पेशल जज्ज नेमिला कीं त्यानें गांवोगांव फिरून दप्तरें पाहावीं आणि चुका सुधाराव्या. डॉक्टर पोलन हे स्पेशल जज्ज असतां रानडे त्यांचे साहाय्यक होते व १८८७ पासून तेच स्पेशल जज्ज झाले.

वर्षांतील कित्येक महिने तंबूंत जात. एका गांवीं सबजज्जाचें दप्तर तपासावें आणि दुसऱ्या गांवीं मुक्काम हलवावा. ज्या मनुष्यानें तरुणपणीं हायकोर्टांत बसून मोठ्या वकिलांचीं भाषणें टिपलीं होतीं, तो आतां नांगरट करणाऱ्याच्या आंगठ्याखालीं काय लिहिलें आहे हें वाचवून घेत होता. डोळे तेव्हां पुष्कळ अधू झालेले. कुळाच्या बाजूचा हा कायदा आहे म्हणून सावकार रागावलेले, व शेतकऱ्यास पेरणीसाठीं पैसा मिळेनासा झाला ही दुसरी ओरड. ही दुसरी ओरड खोटी नव्हती. कायद्यानें जुलूम कमी होतो, बी-बियाणें मिळत नाहीं. आणि शेतकऱ्यास स्वस्त व्याजानें पैसा देणाऱ्या पेढ्या निघाव्या याविषयीं रानड्यांनीं लिहिलें तें याच अनुभवावरून.

जोतीराव फुले यांचें मत या सर्वांविषयीं फार चांगलें नव्हतें. १८७५ सालीं पुण्यांत स्वामी दयानंदांच्या मिरवणुकीवर चिखलफेक झाली तेव्हां रानडे व जोतीराव एका बाजूस उभे होते; पण १८८५ सालीं रानड्यांनीं मराठी ग्रंथकारांची सभा भरविली, तिचें निमंत्रण जोतीरावांनीं परत केलें. त्यांचें उत्तर त्या वर्षीं जून महिन्यांत ज्ञानोदयांत छापलें गेलें. जे सर्व माणसांस माणसांचे हक्क देत नाहींत त्यांच्या सभांशीं व पुस्तकांशीं आमचा मेळ बसावयाचा नाहीं, असा त्याचा मथितार्थ होता. रानड्यांसारख्या मवाळ मनुष्यास हें लागलें असेल. तथापि आमच्या मंडळ्यांतील बहुतेकांचे पूर्वज ज्या वस्तींत राहत होते, तेथून पाहिलें तर जोतीरावांचा शब्द कठोर वाटत नाहीं.

आतां चहाची गोष्ट. १८९० च्या आक्टोबरांत पुण्यास पंचहौद मिशनच्या साहेबांनीं शहरांतील प्रतिष्ठित गृहस्थांस व्याख्यानास बोलाविलें आणि शेवटीं चहा-बिस्किटें पुढें ठेविलीं. रानडे होते, टिळकही होते. कोणी प्याले, कोणी पेला नुसता हातांत घेतला. गोपाळराव जोशी या गृहस्थानें सर्वांचीं नांवें वर्तमानपत्रांत छापवून दिलीं, आणि पुण्यांत ग्रामण्य माजलें. प्रकरण शंकराचार्यांकडे गेलें, चौकशी बसली. ज्यांनीं ख्रिस्त्याच्या हातचा चहा घेतला त्यांच्या घरीं लग्नाला भट मिळेना, माहेरवाशिणीस पाठविणें अवघड झालें.

हें प्रकरण लोंबत असतांच १८९१ च्या डिसेंबरांत रानडे आमच्या नागपुरास आले. त्या वर्षीं राष्ट्रीय सभा नागपुरास भरली होती. अध्यक्ष मद्रासेकडील आनंद चार्लु. तिच्या पाठोपाठ सामाजिक परिषद भरविण्याची रीत रानड्यांनींच १८८७ पासून घातली होती, व नागपूरची ही पांचवी परिषद. बालविवाह, विधवांची स्थिति, विलायतेचा प्रवास हे तिचे नेहमींचे विषय. त्याच वर्षीं मार्चांत संमतिवयाचा कायदा होऊन मुलीचें वय दहांवरून बारा केलें गेलें होतें, आणि त्यावरून महाराष्ट्रांत घरोघर भांडणें लागलीं होतीं. अकरा वर्षांच्या मुलीशीं लग्न लागलेला मनुष्य त्या परिषदेचा चालक होता. हें सभेंतील प्रत्येकास ठाऊक होतें आणि चालकास सर्वांहून अधिक ठाऊक होतें. तरी तो दर वर्षीं आला, दर वर्षीं तोच विषय काढीत राहिला. १८९७ सालीं अमरावतीसही आला.

चहाच्या प्रकरणांत १८९२ सालीं रानड्यांनीं प्रायश्चित्त घेतलें. स्वतःस त्याची गरज नव्हती. ज्या मित्रांच्या घरचीं कार्यें अडलीं होतीं त्यांची सुटका व्हावी म्हणून घेतलें, असें त्यांचे स्नेही सांगत. पुष्कळ तरुण अनुयायांस तें आवडलें नाहीं. आमच्या हातचा चहा विटाळ नव्हे असें मानणाऱ्या मनुष्यानें त्या चहाबद्दल प्रायश्चित्त घ्यावें, याचें दुःख ज्यांच्या हातचें पाणीही कोणी घेत नसे त्यांच्या लेंकरांनीं किती करावें?

पुढच्याच वर्षीं आणखी एक तुटातूट झाली. पंडिता रमाबाई १८८२ सालीं पुण्यास आल्या तेव्हां रानड्यांच्या घराचा त्यांस मोठा आधार होता. रमाबाई रानडे त्यांच्या आर्य महिला समाजांत जात. पंडिता रमाबाई पुढें विलायतेंत ख्रिस्ती झाल्या, अमेरिकेंतून मदत घेऊन आल्या व १८८९ सालीं मुंबईस विधवांसाठीं शारदा सदन काढलें. तें पुढच्या वर्षीं पुण्यास नेलें. रानडे व भांडारकर सल्लागार मंडळांत होते. धर्माचा उपदेश करावयाचा नाहीं, असा करार त्यांनीं धरून चालविला होता. मुली रमाबाईंच्या पहांटेच्या प्रार्थनेस आपण होऊन बसूं लागल्या. १८९३ सालीं रानडे-भांडारकरांनीं सदनाशीं संबंध तोडला, व पुष्कळ मुली घरीं नेल्या गेल्या. रमाबाईंचा दोष आम्हांस दिसत नाहीं; आईनें प्रार्थना दार लावूनच करावी असा नियम कोणत्या घरांत असतो? परंतु ज्यांनीं आपल्या शब्दावर लोकांच्या लेंकी तेथें पाठविल्या होत्या त्यांची अडचणही खरी होती. दोन्ही बाजूंस प्रामाणिक माणसें होतीं आणि तरी तें तुटलें.

त्याच वर्षीं सप्टेंबरांत न्यायमूर्ति काशीनाथ त्र्यंबक तेलंग वारले व त्यांच्या जागीं नोव्हेंबरांत रानडे हायकोर्टांत न्यायाधीश झाले. बावीस वर्षांपूर्वी ज्या कोर्टांत ते खालीं बसून दुसऱ्यांचे निवाडे टिपीत होते, तेथें आतां त्यांचे निवाडे दुसरा कोणी टिपीत होता. मुंबईच्या मालेंत १८९४ पासूनच्या भागांत ते आहेत. १९५६ सालीं विदर्भ मुंबई राज्यांत आल्यापासून नागपूर येथें त्याच हायकोर्टाचें खंडपीठ बसतें, तेव्हां ते निवाडे आमच्याही कोर्टाचें दप्तर झालें आहे.

१९०० च्या डिसेंबरांत लाहोरास परिषदेला जाण्याची सर्व तयारी झाली असतां डॉक्टरांनीं मनाई केली. छातींत कळा येत असत. ते गेले नाहींत. गोपाळ कृष्ण गोखले गेले. ता. १६ जानेवारी १९०१ रोजीं रात्रीं मुंबईस त्यांचा अंत झाला. एकोणसाठ वर्षें पुरीं होण्यास दोन दिवस उरले होते. रमाबाई त्यांच्यामागें तेवीस वर्षें जगल्या, पुण्याचें सेवासदन त्यांनीं चालविलें, आणि १९१० सालीं त्या दोघांच्या संसाराच्या आठवणींचें मराठी पुस्तक छापविलें. तें त्यांनीं स्वतः लिहिलें.